बालूचा रंग आणि शेरखानचा पाय

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी चित्रस्पर्धा घेतली. विषय होता रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या मोगलीच्या गोष्टी. मुलांनी आधी पुस्तक वाचायचे आणि मग आवडलेला प्रसंग रंगवायचा, एवढाच नियम. सातवीतल्या एका मुलीने बालू काढला. मोहाच्या झाडाखाली बसलेले अस्वल, पाठीवरच्या राठ काळ्या केसांत अडकलेला पाचोळा, छातीवर पांढुरका पट्टा, लांबोडके तोंड वारुळात खुपसलेले, आणि शेजारी उकिडवा बसून ते सारे निरखणारा मोगली. चित्र पाहणारा प्रत्येक जण त्यापुढे थबकत होता. तरीही बक्षिसाच्या यादीतून ते बाद झाले, कारण मूळ पुस्तकात बालू तपकिरी आहे, हे एका परीक्षकांनी दाखवून दिले. तेव्हापासून गावात वाद सुरू आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की लेखकाने जसे लिहिले तसेच चित्रात आले पाहिजे, नाहीतर पुस्तक वाचायला लावण्यात अर्थ काय? दुसरा पक्ष म्हणतो, की कलावंताला बंधन घालणारे तुम्ही कोण, पोरीला अस्वल निळे काढावेसे वाटले तर निळे काढू द्या. मी दोन्ही बाजू अनेकदा ऐकल्या आहेत आणि माझ्या मते दोन्ही बाजूंनी हा वाद चुकीच्या जागी उभे राहून घातला जात आहे.

माझे मत आधीच सांगतो. आवडत्या अद्भुतकथेवरून काढलेले चित्र त्या कथेशी प्रामाणिक असलेच पाहिजे. मात्र प्रामाणिकपणाची तपासणी वर्णनातले शब्द आणि चित्रातले रंग शेजारी ठेवून होत नाही. ज्या तपशिलावर गोष्ट उभी आहे, जो काढून घेतला तर गोष्ट कोसळते, त्याला हात लावण्याचा अधिकार चित्रकाराला नाही. बाकीच्या तपशिलांत त्याने स्वतःचे डोळे वापरावेत. ते वापरण्याची त्याला नुसती मुभा आहे असे मी म्हणत नाही. ते त्याचे कामच आहे. आणि कोणता तपशील कोणत्या प्रकारचा, हे ठरवण्यासाठी पुस्तक मनापासून वाचावे लागते. आमच्या वादात नेमकी हीच गोष्ट कोणी केली नाही.

जसेच्या तसे चित्र मागणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. लहान मूल पुस्तकातले चित्र पाहते तेव्हा ते चित्र त्याच्या मनात घर करून बसते आणि पुढे आयुष्यभर हलत नाही. चुकीचे चित्र म्हणजे मुलाच्या मनात रोवलेली चुकीची खूण. शिवाय लेखकाने एखादा शब्द विचारपूर्वक निवडलेला असतो आणि तो सहज पुसून टाकणे हा त्याच्या श्रमांचा अपमान ठरतो. याचे सर्वांत बोचरे उदाहरण अमेरिकी लेखिका उर्सुला ले गुइन यांच्या ‘अर्थसी’ या अद्भुतकथामालेचे आहे. १९६८ साली आलेल्या पहिल्या पुस्तकापासून त्यांचा नायक गेड तांबूस सावळ्या कातडीचा आहे आणि त्या जगातली बहुतेक माणसे सावळी किंवा काळी आहेत. इंग्रजी अद्भुतकथेत शूर आणि शहाणा माणूस गोराच असायचा, ती चाल मोडण्यासाठी त्यांनी हे जाणूनबुजून केले होते. तरीही वर्षानुवर्षे मुखपृष्ठांवर गोरा गेड छापला गेला. २००४ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेतही गोऱ्या नटालाच ती भूमिका मिळाली आणि ले गुइन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. २०१८ साली चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळी अर्थसी एका मोठ्या ग्रंथात आली, ती चित्रे मात्र चित्रकार आणि लेखिका यांनी दीर्घकाळ एकमेकांशी बोलून घडवली होती. सावळ्या नायकाला गोरा करणारे चित्र हे कलेचे स्वातंत्र्य आहे असे कोणी म्हणू लागला, तर मी ते ऐकून घेणार नाही. आपल्याकडच्या सावळ्या मुलीला तर हे समजावून सांगावे लागत नाही.

मग गेडचा वर्ण पवित्र आणि बालूचा रंग बदलला तरी चालेल, हा दुटप्पीपणा झाला का? हा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. उत्तरासाठी त्याच स्पर्धेतल्या पहिल्या क्रमांकाच्या चित्राकडे वळतो. त्यात शेरखान होता. सोनेरी अंग, चकचकीत पट्टे, चारही पाय हवेत ताणून घेतलेली झेप. हात चांगला होता, रंगही देखणे होते, आणि वाघ लिहिल्याप्रमाणे पट्टेरी असल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. पण पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे. त्याची आईच त्याला लंगडा म्हणून हाक मारते. लंगडा असल्यामुळे त्याला धावती शिकार साधत नाही, म्हणून तो गुरे मारतो. गुरे मारतो म्हणून वैनगंगेकाठचे गावकरी त्याच्यावर चिडले आहेत. ते चिडले म्हणून तो दुसऱ्या मुलखात सरकतो आणि तिथे लाकूडतोड्यांच्या शेकोटीवर झेप घेऊन पाय भाजून घेतो. त्या रात्री माणसाचे रांगते पोर लांडग्यांच्या गुहेच्या तोंडाशी येते. सगळी गोष्ट त्या एका पायातून निघाली आहे. पुढे शेरखानचा गर्व, तरुण लांडग्यांना फितवून आपले बळ वाढवण्याची त्याची धडपड, आणि शेवटी घळीत म्हशींच्या कळपाखाली त्याचे चिरडले जाणे, हे सारे त्या पायाशी बांधलेले आहे. चार धडधाकट पायांचा शेरखान काढणे म्हणजे गोष्टीच्या मुळावर घाव घालणे आहे. बालूच्या केसांचा रंग मोजणाऱ्यांना हा पाय दिसला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आणि वाईट वाटण्याचे आणखी एक कारण असे, की ही गोष्ट आमच्याइतकी कोणाला कळायला नको होती. वैनगंगा सिवनीकडून निघते आणि भंडारा ओलांडून आमच्या शिवाराजवळून वाहते. म्हातारा झालेला किंवा जायबंदी वाघ गोठ्याकडे का वळतो, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या कोणत्याही गुराख्याला पुस्तकाशिवाय सांगता येते. गुरे मारणारा प्रत्येक वाघ लंगडा असतो असे नाही, पण लंगड्या वाघाला दुसरी वाट राहत नाही.

आता बालूचा रंग. किपलिंगने त्याला झोपाळू तपकिरी अस्वल म्हटले आहे, हे खरे. पण या रंगावर गोष्टीतले काय अवलंबून आहे? बालू फळे, मुळे आणि मध खातो, कोणाच्या शिकारीत वाटा मागत नाही, म्हणून तो कुठेही जाऊ-येऊ शकतो आणि लांडग्यांच्या सभेत बसू शकतो. तो पिल्लांना जंगलाचा कायदा शिकवतो. हे दोन गुण काढले तर बालू उरत नाही. रंग बदलला तर काहीच बिघडत नाही. उलट प्रश्न असा आहे, की तपकिरी रंग आला कुठून? १८९४ साली छापलेल्या या गोष्टी किपलिंगने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बसून लिहिल्या. जन्म मुंबईचा, वडील जे. जे. कला विद्यालयात शिक्षक, तरुणपण लाहोर-अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत गेलेले. हिंदुस्थान त्याला ठाऊक होता. पण सिवनी आणि पेंचच्या रानात जे अस्वल हिंडते ते काळे आहे, लांब केसांचे, छातीवर चंद्रकोरीसारखा पट्टा मिरवणारे. लेखकाच्या शब्दाशी प्रामाणिक राहायचे म्हटले तर अस्वल तपकिरी येते. लेखकाने गोष्टीसाठी निवडलेल्या रानाशी प्रामाणिक राहायचे म्हटले तर ते काळे येते. दोन्ही निष्ठाच आहेत. त्या मुलीने दुसरी निवडली, आणि निवडताना तिच्याजवळ असा पुरावा होता जो तिच्या कोणत्याही परीक्षकाजवळ नसावा.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की आमच्याकडे बाया-पोरी पहाटे तांबडे फुटण्याआधी टोपल्या घेऊन रानात निघतात. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते आणि त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, रसाळ फुले पडलेली असतात. त्या फुलांवर अस्वलाचाही हक्क असतो. ते अंधारात आधीच येऊन गेले आहे की अजून झाडाखालीच आहे, हे आधी कानाने ओळखावे लागते, कारण वाळवी ओढताना ते फुरफुर असा मोठा आवाज करते. त्याची नजर अधू असल्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग घाबरून ते अंगावर येते. म्हणून बायका लांबूनच खोकत, एकमेकींना हाका मारत पुढे जातात. त्या मुलीची आजी अशीच रोज जाते आणि सुटीत ती मुलगीही जाते. तिच्या चित्रात मोगली अस्वलाच्या फार जवळ बसला आहे, इतका जवळ की आमच्याकडचे कोणी माणूस बसणार नाही, आणि अस्वल शांत आहे. मोगली रानाचा झाला आहे हे तिने एवढ्या एका अंतरातून दाखवले. तपकिरी रंगाचा शोध घेणाऱ्यांनी ते अंतर पाहिलेच नाही.

‘पुस्तकात आहे तसे’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला म्हणायचे असते ‘आधी पाहिलेल्या चित्रात आहे तसे’. आमच्याकडच्या पालकांचा बालू आणि शेरखान दूरदर्शनवरच्या जपानी चित्रमालिकेतून आलेला आहे, आणि मुलांचा सिनेमातून. १९६७ च्या डिस्नेच्या चित्रपटात का नावाचा अजगर मोगलीला गिळायला टपलेला आहे. पुस्तकात तो वानरांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला बालू आणि बघीरासोबत धावून जातो. त्याच चित्रपटात वानरांचा राजा म्हणून ओरांगउटान येतो. ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओचा प्राणी, हिंदुस्थानात तो नाहीच; आणि पुस्तकातल्या वानरांना राजा नसतो, नेता नसतो, कायदा नसतो, ते काही आठवणीत ठेवत नाहीत, म्हणून तर रान त्यांना वाळीत टाकते. राजा मिळाल्याबरोबर त्यांच्यावरचा लेखकाचा सगळा आक्षेप विरघळून गेला. स्पर्धेत अशी राजेशाही वानरेही होती आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण ती ओळखीची होती. ओळखीचे म्हणजे खरे, अशी आपली समजूत असते. आपल्या देवघरातही हेच झाले आहे. लक्ष्मी आणि सरस्वती म्हटले की डोळ्यांपुढे जो चेहरा, जी नेसण आणि जो कमळाचा देखावा उभा राहतो, तो बराचसा राजा रविवर्म्याचा आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्याने तो घराघरात पोचवला. त्याआधी शेकडो वर्षे शिल्पकारांनी या देवता वेगळ्या घडवल्या होत्या. रविवर्म्याने पुराणांशी बेइमानी केली का? मला तसे वाटत नाही. त्याने आपल्या काळाच्या डोळ्यांनी पाहिले. चूक आपली, की त्याचे पाहणे हेच मूळ वर्णन असे आपण धरून चाललो.

हा आजचा प्रश्न नाही. अजिंठ्याच्या भिंती पाहा. सतराव्या लेण्यातली चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. म्हणजे हा इतिहास वऱ्हाडाच्या घरचा आहे. तिथे रंगवलेल्या जातककथा त्या चित्रकारांसाठीही जुन्याच होत्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या आणि पूर्वजन्मांच्या अद्भुत गोष्टी. चित्रकारांनी त्या कशा काढल्या? महाल आपल्या काळचे, केशरचना आपल्या काळची, दागिने आणि तलम वस्त्रे आपल्या राजसभेतली. काशीचा राजवाडा पूर्वी कसा होता याची चौकशी करत ते बसले नाहीत. पण छद्दंत जातकात सहा सुळ्यांच्या हत्तीचे सुळे तोडून आणले जातात आणि ज्या राणीने पूर्वजन्मीच्या रागातून ते मागवले, ती ते समोर पाहताच कोसळते. तो क्षण त्यांनी सोडला नाही. सुळे आणि राणीचे कोसळणे यांत गोष्ट आहे. राणीच्या गळ्यातल्या हारात ती नाही. हा भेद त्यांना स्पष्ट कळत होता आणि दीड हजार वर्षांनंतर आपल्याला तो शिकवावा लागतो आहे.

शब्दशः चित्र मागणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे आणि ती त्यांच्या लक्षात येत नाही. शब्द स्वतः अपुरा असतो. वा. वि. मिराशींनी ज्या रामटेकला मेघदूताचा रामगिरी मानले, त्या टेकडीवर आमच्याकडच्या शाळांच्या सहली जातात. मेघदूत ही अद्भुतकथाच आहे. शापित यक्ष ढगाला निरोप्या करून अलकेला पाठवतो. यक्षाने पत्नीचे वर्णन ‘तन्वी श्यामा’ असे केले आहे. श्यामा म्हणजे सावळी, असे कोणीही म्हणेल. मल्लिनाथ मात्र टीकेत श्यामा म्हणजे युवती असा अर्थ लावतो. वाचक दोन्ही अर्थ मनात एकत्र ठेवून पुढच्या ओळीवर जाऊ शकतो. चित्रकाराला कुंचला रंगात बुडवावाच लागतो आणि बुडवला की त्याने एक अर्थ निवडला. मग शब्दशः चित्र कोणते? लेखकानेच जागा मोकळी सोडली असेल तर? टोव्ह यान्सन यांनी १९६२ च्या स्वीडिश आवृत्तीसाठी इंग्रज लेखक टॉल्किनच्या ‘हॉबिट’ या अद्भुत कादंबरीची चित्रे काढली, तेव्हा अंधाऱ्या तळ्यातला गॉलम नावाचा प्राणी त्यांनी माणसाहून कितीतरी उंच, राक्षसासारखा काढला. पुस्तकात त्याची उंची कुठे सांगितलेलीच नव्हती. पुढच्या सुधारित आवृत्तीत टॉल्किनने गॉलमच्या वर्णनात ‘लहानसा’ हा शब्द घातला. चित्राने मजकुरातली फट दाखवून दिली आणि लेखकाने ती बुजवली. याला चित्रकाराची चूक म्हणायचे की नीट वाचणे म्हणायचे? मी वाचणे म्हणतो.

दोन्ही पक्षांहून वेगळा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत भारी आक्षेप टॉल्किनचाच आहे. परीकथांवरच्या १९३९ च्या व्याख्यानातून पुढे तयार झालेल्या निबंधात त्याने मांडले, की चित्रे कितीही सुंदर असली तरी अशा कथांचे त्यांनी फारसे भले होत नाही. गोष्टीत टेकडी आणि नदी आली की प्रत्येक ऐकणारा आपण पाहिलेल्या टेकड्या आणि नद्यांतून ती घडवतो. चित्रकार मात्र सर्वांना एकच टेकडी देतो. हे मला नाकारता येत नाही. टॉल्किनने स्वतः १९३७ मध्ये आपल्या पुस्तकासाठी चित्रे काढली होती हे दाखवून आक्षेप खोडणे सोपे आहे, पण त्याने आक्षेप हलका होत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. एकच टेकडी सर्वांच्या मनात बसते, ती सगळ्यांनी एकच चित्र पाहिल्यामुळे. शंभर जणांनी आपापल्या टेकड्या काढल्या तर प्रत्येक वाचकाला कळते, की यातली कोणतीही शेवटची नाही आणि आपलीही एक असू शकते. म्हणजे त्याच्या आक्षेपातून चित्रबंदी निघत नाही. त्यातून एका ठरावीक चित्राच्या सक्तीला विरोध निघतो. आमच्या स्पर्धेत सक्ती झाली ती नेमकी अशाच एका रंगाची.

आता ‘काहीही काढू द्या’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी. ती मुलगी तुमच्या बाजूची आहे असे समजू नका. तिने काहीही काढले नव्हते. न वाचता काढलेल्या चित्राचे काय होते, हे १९६५ साली अमेरिकेत टॉल्किनच्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्तीने दाखवले. चित्रकार बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तके वाचायला वेळच मिळाला नव्हता. मुखपृष्ठावर इमू पक्षी आणि फुगीर फळांचे झाड पाहून लेखक चक्रावून गेला. रेमिंग्टन यांना मी दोष देत नाही, घाई प्रकाशकाची होती, आणि रंगसंगती म्हणून ते चित्र अनेकांना आवडलेही. पण पुस्तकाचे नाव वर छापायचे तर त्या पुस्तकाला काही उत्तर द्यावे लागते. निळे अस्वल काढणाऱ्याने ते का निळे, हे गोष्टीतून सांगितले, तर मी ते चित्र भिंतीवर लावीन. ‘मला वाटले म्हणून’ एवढेच कारण असेल, तर तो निळ्या अस्वलाचा चित्रकार आहे, बालूचा नाही. तसे अस्वल काढायलाही कोणाची ना नाही. त्याला फक्त बालू म्हणू नये. पुस्तकासोबत छापायचे चित्र आणि पुस्तकावरून सुचलेले चित्र यांतही फरक करावा लागतो. पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाच्या हातात पानासमोर जे चित्र येते, त्याची जबाबदारी जास्त. भिंतीवर टांगलेले चित्र पाहणारा गोष्ट आधीच जाणून आलेला असतो, तिथे मोकळीक जास्त. स्पर्धेतली चित्रे दुसऱ्या प्रकारची होती. त्यांना पहिल्या प्रकारचा गज लावला गेला.

परीक्षकांवर माझा राग नाही. त्यातले एक गुरुजी माझेही शिक्षक होते आणि मुलांनी पुस्तक वाचावे या तळमळीतूनच ते बोलत होते. माझे मागणे इतकेच आहे, की पुढच्या वेळी चित्राजवळ उभे राहून मुलाला विचारावे: तू यात काय बदललेस आणि काय सोडले नाहीस? ज्याने वाचले आहे तो या प्रश्नाचे उत्तर देतो. ज्याने सिनेमातले चित्र गिरवले आहे तो गप्प राहतो, मग त्याचा रंग कितीही बरोबर असो.

दिवाळीच्या सुटीत मी त्या मुलीला हा प्रश्न विचारला. आधी ती लाजली. मग म्हणाली, “काका, तपकिरी मी वाचलं होतं. पण तसं अस्वल मोहाखाली येत नाही ना.” आणि आतून नवा कागद घेऊन आली. त्यावर शेरखान होता, पण अजून नुसता कच्च्या रेघांत. रंगवून झाला होता फक्त खालचा नदीकाठचा चिखल. त्यात पंजांचे ठसे ओळीने उमटले होते, तीन खोल आणि एक वरच्यावर, कडेला किंचित फरफटलेला. लंगड्या वाघाचा माग कसा उमटतो, हे तिने आपल्या मामाला विचारून घेतले होते. तो जंगलात रखवालीचे काम करतो. वाघ कोणत्या पायाने लंगडा आहे हे पुस्तकात दिलेले नाही, म्हणून तो पाय तिने स्वतः निवडला होता, मागचा डावा.